बिनमाशांची टाकी

परीक्षानळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते हिरवं झालं. फिकट, पोपटी असं नाही, चिंचेच्या पाल्यासारखं गडद हिरवं. मी नळी ओतून टाकली, धुतली, टाकीतलं पाणी पुन्हा घेऊन पुन्हा थेंब घातले. पुन्हा तेच.

पाठीमागे दुकानात लगीनघाई चालली होती. अक्षय तृतीयेचा दिवस, इचलकरंजीतल्या आमच्या नव्या साडीच्या दुकानाचं उद्घाटन, दारात उसाच्या रसाचा चरक लावलेला. झेंडूच्या माळा अजून बांधायच्या होत्या आणि त्या कोण बांधणार यावरून माझा नवरा सन्मती आणि मांडववाला यांचं जुंपलं होतं.

"झालं का गं तुझं ते औषधपाणी?" अण्णांनी गल्ल्यावरून विचारलं. अण्णा म्हणजे माझे सासरे, भूपाल मगदूम. नवा पांढरा सदरा, कपाळाला चंदन. "जगदाळेचा फोन आलता. मासे घेऊन हातकणंगल्यापतोर आलाय."

"त्यांना तिथूनच परत फिरायला सांगा, अण्णा."

"काय?"

"या पाण्यात आज एकही मासा जाणार नाही."

अण्णा हसले. सुनेनं सणासुदीला केलेली गंमत असावी असं ते हसणं होतं. मी हिरवी नळी त्यांच्या नाकासमोर धरली, तसे ते हसायचे थांबले.

ही टाकी दुकानात आली कशी, ते आधी सांगायला हवं. अण्णांनी बेंगळुरूला एका बड्या साडीच्या दुकानात तशी पाहिली होती. पोरं काचेला नाक लावून उभी, आणि आया निवांत साड्या उलगडतायत. "पोर रडलं की गिऱ्हाईक उठतंय, पोर गप तर बाई दुकान पालथं घालती," असा अण्णांचा हिशोब. गोड्या पाण्यातल्या साध्या माशांवर भागलं असतं. पण अण्णांना हवे होते समुद्रातले, निळे, पिवळे, नारिंगी पट्ट्यांचे. कृष्णेच्या आणि पंचगंगेच्या मुलखात त्यांना समुद्र भरून हवा होता.

आणि माशांचं घरात कुणाला कळतं? मला. मी वेंगुर्ल्याची, मासेमारी करणाऱ्या गाबिताची मुलगी. माझे बाबा जन्मभर होडीवर गेले. प्राणिशास्त्राचं एम.एस्सी. करायला मी कोल्हापूरला आले आणि तिथं सन्मतीची गाठ पडली. "माशाचं तुलाच कळणार," असं अण्णा पंगतीत म्हणाले तेव्हा चांगली खसखस पिकली होती. मीही हसले होते. सूर्य मावळायच्या आत जेवणाऱ्या, कांदा-लसणीलाही न शिवणाऱ्या जैनांच्या घरात मी माझ्या पायांनी आले होते. मासे सोडले होते तेही माझ्या मर्जीनं. आजही खात नाही, तीही माझीच मर्जी. पण मासे सुटले तरी लोकांच्या नाकातला वास सुटत नाही.

सासूबाई मात्र कधी टोचून बोलल्या नाहीत. राजमती त्यांचं नाव, गाव त्यांना आक्का म्हणायचं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. टोमणे मारणाऱ्या सासूशी भांडता येतं. माझ्या लग्नाआधी बाबांनी आमची विहीर उपसून घेतली होती, कठडा चुन्यानं रंगवला होता. विहिणीला पाणी द्यायला म्हणून माझ्या आईनं सावंतवाडीहून नवी तांब्याची कळशी आणली होती. सासूबाई इचलकरंजीहून पाण्याचा कॅन घेऊन आल्या. लग्नभर त्या तेच पाणी प्यायल्या. माझ्या आईचा हात हातात घेऊन बोलल्या, हसल्या, बाबांच्या पाया पडल्या, सगळं केलं. आमच्या विहिरीचं पाणी नाही घेतलं. वऱ्हाड गेल्यावर आईनं ती कळशी पुसली आणि माळ्यावर ठेवून दिली.  मला मात्र ते पाणी घशाशी अडकून राहिलं.

सासरच्या जुन्या घराच्या परसातही विहीर होती. रोज सकाळी सासूबाई हंड्याच्या तोंडावर जाड कापड दुहेरी घालून पाणी गाळायच्या. गाळून झालं की कापड उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं हळूच खळबळायच्या. त्या पाण्याला त्या जिवाणी म्हणत. ती जिवाणी, बुडाला कडी असलेल्या एका छोट्या बादलीतून विहिरीत सोडायची. दोर अशा बेतानं धरायच्या की बादली खालच्या पाण्याला टेकली की मगच उलटी होई. वरून ओतायचं नाही, आपटून मरतात.

"काय मरतं?" मी नवी नवरी असताना विचारलं होतं.

"डोळ्याला दिसत न्हाईत ते," त्या म्हणाल्या होत्या. "त्यांचं पाणी त्यांना."

तर टाकी. कोल्हापूरचा फिश-टँकवाला जगदाळे ती बसवून गेला. वाळू घातली, भोकाभोकांचे दगड रचले, शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्राचं मीठ कालवून भरलं. निळा दिवा लावला आणि अण्णा दुसऱ्याच दिवशी मासे मागायला लागले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मी त्यांना बसवून समजावलं. मासा पाण्यातच हगतो-मुततो, त्यातून अमोनिया नावाचं विष होतं. समुद्रात ते कुठल्या कुठे जातं. टाकीत ते खाऊन टाकणारे सूक्ष्म जीव दगडांत आणि वाळूत वसावे लागतात. ते वसले की पाणी माशाला जगवतं, त्याआधी मारतं. आणि वसायला वेळ लागतो. विरजण लावलेलं भांडं आपण ढवळत बसत नाही, तसंच.

त्या जिवांनाही आधी खायला काहीतरी लागतं. जगदाळे म्हणाला होता, "एक कोळंबी टाका कुजायला." साडीच्या दुकानात, मगदुमांच्या! मी त्याला तिथंच गप्प केलं आणि मी शिकवत असलेल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत विचारून अमोनियाचे थेंब मोजून घातले. महिनाभर रोज कॉलेज सुटलं की दुकानात यायचं, नळीत पाणी घ्यायचं, रंग बघायचा. सुरुवातीला हिरवा, मग फिका, मग एकदाचा पिवळा. उद्घाटनाला दोन काटक मासे सोडता येतील, जास्त नाही, असं मी अण्णांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पत्रिकेत छापून टाकलं: समुद्रातील रंगीत मासे पाहण्यासाठी बालगोपाळांना अवश्य आणावे.

त्याच आठवड्यात वाळूवर आणि दगडांवर तपकिरी साय धरली. नव्या टाकीत ती धरतेच. अण्णा म्हणाले, "गंजल्यागत दिसतंय की." मी बजावलं, कुणी हात लावायचा नाही. आदल्या दिवशी मला परीक्षेच्या कामातून निघता आलं नाही.

आणि आज सकाळी मी येऊन बघते तर दगड पांढरेशुभ्र. वाळू धुतलेल्या तांदळासारखी.

"कसं काय झालं?" असं विचारायची वेळच आली नाही, कारण तेवढ्यात सासूबाई रसाचा पेला हातात घेऊन टाकीजवळ आल्या.

"निघाले की न्हाई दगड?" त्यांचा चेहरा फुलला होता. "काल दुपारी बसले. कढत पाण्यात बुडवून एकेक काथ्यानं घासला. वाळू पण काढून उपसली. साबण लावला न्हाई हां, म्हटलं माशास्नी बाधायचा. तू एकटी किती करशील?"

त्यांची बोटं अजून लाल होती.  काय बोलणार? आमच्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झाली होती आणि 'तू एकटी किती करशील' हे त्या मला पहिल्यांदा म्हणत होत्या.

म्हणून अण्णांनी विचारलं तेव्हा मी फक्त पाण्याचं सांगितलं. पाणी बिघडलंय, मासे नकोत. कुणामुळे, ते सांगितलं नाही.

"थोडं हिरवं तर हाय," अण्णा म्हणाले. "माणसं यायला लागलीत, दर्शना. मला आता रंगाचं काय सांगू नकोस."

जगदाळे आलाच. त्याच्या माणसानं थर्माकोलच्या पेट्या आत आणून ठेवल्या. झाकण उघडलं तर दोन नाही, पेटीभर पिशव्या. वारा भरून फुगवलेल्या, तळाला थोडं पाणी, आणि एकेका पिशवीत एकेक मासा. नारिंगी, पिवळे, एक गडद निळा. त्या निळ्याचे कल्ले भराभर उघडमीट करत होते. मांडववाल्याची माणसं, रसवाला, लवकर आलेली दोन-चार गिऱ्हाइकं सगळी भोवती जमली.

"वहिनी, जरा सरका. पिशव्या आधी पाण्यावर तरंगत ठेवाव्या लागतात."

"जगदाळे, पाण्यात अमोनिया आहे."

"असणारच. नवी टाकी आहे." त्यानं खिशातून एक बाटली काढली. "हे औषध ओततो की."

"त्यानं सगळा जाईल?"

"थोडाफार." मग तो माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाला, "पहिल्या खेपेला काही मरतातच, वहिनी. ते धरूनच जास्त आणलेत. अण्णांना एवढं सांगायची गरज नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी लाकडी घडवंचीवर चढले, टाकीच्या झाकणावर पंजा ठेवला आणि म्हटलं, "आता हेच मोठ्यानं सांगा. पार दारापर्यंत ऐकू जाऊ दे. किती मरतील?"

"वहिनी, काय हे..."

"किती?"

जगदाळेनं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी जमलेल्या माणसांकडे पाहिलं. रसवाल्यानं चरक थांबवला होता.

"दर्शना, खाली उतर," अण्णा म्हणाले. "पत्रिकेत छापलंय. पोरं येणार, रिकामी टाकी दाखवू व्हय?"

"दाखवा."

"हे माझं दुकान हाय."

"दुकान तुमचंच. पाणी तुम्ही माझ्यावर सोपवलंय. माशाचं तुलाच कळणार, म्हणाला होतात. कळतंय तेच सांगते. झाकण काढायचं तर आधी माझा हात काढा."

सुनेचा हात कोण काढणार? अण्णा आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते, आता त्यांच्या कपाळावरचं चंदन घामानं ओघळायला लागलं. सन्मती झेंडूची माळ हातात धरून दारात उभा, त्याचं नेहमीप्रमाणे तळ्यात-मळ्यात. चार माणसांत मी त्याला 'अहो' म्हणायचे. त्या दिवशी मी सरळ "सन्मती!" अशी हाक मारली. त्यानं दचकून वर पाहिलं, पण जागचा हलला नाही.

मग मी जे बोलले ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

"अण्णा, दारात रस कशासाठी वाटताय? आदिनाथ तीर्थंकर वर्षभर उपाशी हिंडले म्हणून ना? लोकांनी हत्ती पुढे केले, घोडे पुढे केले, रत्नं पुढे केली. योग्य ते मिळेपर्यंत त्यांनी हात पसरला नाही. शेवटी उसाचा रस मिळाला, तो आजच्या दिवशी. तुम्ही दर वर्षी ही गोष्ट सांगता. आणि तुम्हाला एका टाकीची थोडे दिवस वाट बघवत नाही?"

"तू आम्हाला धर्म शिकवणार?" अण्णांचा आवाज एकदम फाटला. "मासे खाणाऱ्या घरातली..."

ते थांबले. उरलेलं वाक्य त्यांनी गिळलं, पण ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

मी झाकणावरचा पंजा आणखी दाबला. 

"पुरं करा ना, अण्णा. मासे खाणाऱ्या घरातली. हो, आहेच. माझे बाबा मासे मारतात. खायला मारतात, विकायला मारतात, आणि मारतो असं तोंडानं सांगतात. पण गिऱ्हाइकाचं पोर गप्प बसावं म्हणून त्यांनी आजवर एक मासा मारलेला नाही."

 पेटीतली एक पिशवी कलंडली.

तेव्हा सासूबाई बोलल्या. इतका वेळ त्या पेला धरून तशाच उभ्या होत्या.

"पण परवापतोर पाणी बरं हाय म्हणत होतीस," त्या मला म्हणाल्या. "मग बिघडलं कशानं?"

मला ते सांगायचं नव्हतं. खरंच नव्हतं. कालची दुपारभर बसून बोटं भाजून घेतलेल्या बाईला काय सांगायचं? पण अण्णांच्या त्या अर्ध्या वाक्यानं माझं डोकं पेटलं होतं, आणि त्या आगीत माझ्या आईची ती कळशीही होती, एवढं मी आज कबूल करते.

"दगड धुतल्यानं," मी म्हटलं. "त्यांच्यावरची ती तपकिरी साय, भोकांतला तो बुळबुळीतपणा, ती घाण नव्हती, आई. ते जीव होते. डोळ्याला न दिसणारे. महिनाभर लागला त्यांना वसायला. तेच या पाण्यातलं विष खात होते. विहिरीत आपटून मरू नयेत म्हणून तुम्ही ज्यांना दोरानं हळूच खाली सोडता ना, तसलेच."

"आणि मी कढत पाण्यात..."

"हो."

"समदे?"

"बरेचसे."

मला वाटलं, आता त्या म्हणतील, तुझं पुस्तकातलं मला सांगू नकोस. किंवा रडतील. किंवा अण्णांसारखंच काहीतरी म्हणतील, निदान ते तरी पूर्ण करतील. त्यांनी आपल्या लाल बोटांकडे पाहिलं. मग रसाचा पेला, ओठाला न लावलेला, साड्यांच्या काउंटरवर ठेवला.

"आज माझा उपास," त्या म्हणाल्या. "रस न्हाई, पाणी न्हाई."

"अगं, आज अक्षय तृतीया..." अण्णा म्हणाले.

"म्हणूनच." त्या जगदाळेकडे वळल्या. "तुझ्या दुकानात जगत्यात का रे हे?"

"जगतील की आक्का, तिथं जुनं पाणी आहे. पण मला आता सांगलीला दुसरं काम..."

"सन्मती, गाडी काढ."

"राजमती!" अण्णा पुढे झाले. "थोरला पोरगा हाय तो. मुहूर्ताला त्यानं दिवा लावायचाय. पाहुणे काय म्हणतील?"

"दिवा तुम्ही लावा. पिशवीतला वारा काय मुहूर्ताला थांबतोय व्हय?" मग त्या अजिबात आवाज न चढवता म्हणाल्या, "ह्या दुकानात पहिल्याच दिवशी मढं निघायचं न्हाई. माशाचं असलं तरी मढंच."

सन्मतीनं झेंडूची माळ मांडववाल्याच्या गळ्यात टाकली आणि किल्ली घेतली. जगदाळेनं कुरकुरत पेट्यांची झाकणं लावली आणि कोल्हापूरला दुकान उघडून द्यायला आपल्या माणसाला गाडीत बसवलं. मी घडवंचीवरून उतरून काउंटरपाशी गेले. समोर सासूबाईंचा रसाचा पेला होता. मी तो उचलला आणि पिऊन टाकला. त्यांनी ते पाहिलं.

उद्घाटन झालं. अण्णांनी दिवा लावला, मंगलपाठ झाला, फोटो निघाले. पोरं धावत आली ती थेट टाकीपाशी. निळा दिवा, पांढरे दगड, वर येणारे बुडबुडे आणि मासा एक नाही.

"आक्का, मासे कुठायत?"

सासूबाई टाकीशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. उपाशी, ओठ कोरडे पडलेले. दिवसभर त्यांनी ती खुर्ची सोडली नाही.

"मासे येणार हायत. आधी घर तयार होऊ दे त्यांचं."

"मग आत काय आहे?"

"बारके जीव हायत. दिसत न्हाईत अजून. काचेवर थापट्या मारू नगा."

पोरं काचेला नाक लावून ते न दिसणारे जीव शोधायला लागली. एकाला दिसलासुद्धा. पेठेतला एक साडीवाला, अण्णांचा जुना स्पर्धक, रस पीत पीत येऊन म्हणाला, "काय आक्का, रिकाम्या टाकीची राखण?"

"रिकामी न्हाई," त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच.

सन्मती दुपार कलल्यावर परत आला. सगळे मासे जगले होते, निळासुद्धा. तेव्हा कुठे सासूबाई उठल्या आणि घरी गेल्या.

अण्णा माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. काही सांगायचं असलं की टाकीकडे तोंड करून म्हणायचे, "चहा सांगितलाय म्हणावं." मीही टाकीला सांगायचे, "आले म्हणावं." सन्मतीची फार करमणूक झाली. त्यांनी त्या अर्ध्या वाक्याबद्दल कधी माफी मागितली नाही, मीही माझ्या वाक्यांबद्दल मागितली नाही. आमचा हिशोब फिटला होता.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला परसात गाठलं. हातात तेच पाणी गाळायचं कापड.

"आता नवे जीव कुठनं यायचे?"

"जगदाळेच्या जुन्या टाकीतला एखादा दगड आणायचा. त्याच्यावरचे इकडे पसरतात. आणि थांबायचं."

"मग आणू या. वाटेत सुकू देऊ नगं."

दगड आम्ही दोघींनी आणला, ओल्या कापडात गुंडाळून, त्यांच्या मांडीवर. त्यानंतर रोज संध्याकाळी त्या दुकानात यायच्या आणि नळी स्वतः उजेडाला धरायच्या. थेंब मी घालायचे, रंग त्या वाचायच्या. पुन्हा तपकिरी साय धरली तेव्हा अण्णांनी फडकं उचललं, तसं त्यांच्या हातातून ते सासूबाईंनी काढून घेतलं. पाणी पिवळं आलं, पुढेही पिवळंच येत राहिलं, तेव्हा त्यांनीच जगदाळेला फोन केला, "दोनच आण. न्हाई, निळा न्हाई. त्याला तिथंच मोठ्या पाण्यात राहू दे."

ते दोन नारिंगी मासे पुढे कित्येक वर्षं जगले. त्यांच्यासमोर लहानपणी नाक लावून उभी राहिलेली एक मुलगी परवा आपल्या लग्नाचा शालू घ्यायला आली होती. पण मला सांगायचंय ते निराळंच.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "तुझ्या माहेरी जाऊ या." लग्नानंतर त्या वेंगुर्ल्याला आल्या नव्हत्या. मी, त्या आणि सन्मती निघालो. आंबोली घाटात थांबलो असताना मी डिकी उघडली आणि माझ्या लक्षात आलं.

"आई, तुमचा पाण्याचा कॅन राहिला."

"राहिला न्हाई," त्या म्हणाल्या आणि खिडकीतून दरीकडे बघत बसल्या.

घरी पोचलो. बाबा ओसरीवर जाळं विणत होते, ते घाईघाईनं गुंडाळून आत टाकायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "असू दे, असू दे," आणि चपला काढून थेट मागल्या दारी विहिरीवर गेल्या. पिशवीतून त्यांनी दुहेरी घडीचं कापड काढलं आणि ती बुडाला कडी असलेली छोटी बादली. माझी आई पदर सावरत मागोमाग धावली. काय चाललंय ते तिला कळेना. मला कळलं होतं.

त्यांनी आमच्या विहिरीचं पाणी शेंदलं, कापडातून गाळलं, ओंजळीत घेतलं आणि प्यायल्या. सावकाश, सगळी ओंजळ.

"गोड हाय," माझ्या आईला म्हणाल्या.

मग कापड उलटं करून खळबळलं आणि बादली घेऊन कठड्यावरून वाकल्या.

"काय गो ह्यां?" बाबांनी मला हळूच विचारलं.

"पाण्यात बारीक जीव असतात, बाबा. त्यांना परत विहिरीत सोडतात."

बाबा क्षणभर बघत राहिले. जन्मभर समुद्रातून जीव काढत आलेला माणूस तो. मग पुढे झाले.

"मगे दोरी माका देवा, विहीणबाई. आमची विहीर खोल आसा, हात भरान येतलो."

सासूबाईंनी दोर त्यांच्या हातात दिला. "हळू," त्या म्हणाल्या. "पाण्याला टेकल्यावरच उलटी करायची."

"व्हय, व्हय," बाबा म्हणाले आणि बादली पार तळच्या पाण्यापर्यंत अलगद सोडली.

माझी आई कधीच घरात गेली होती. माळ्यावरून काहीतरी खाली घेताना तिनं दोन डबे पाडले. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती तांब्याची कळशी होती, काळी पडलेली. तिनं तिथंच बसून चिंचेनं घासली, विहिरीवरच धुतली आणि सासूबाईंनी ती स्वतः गाळलेल्या पाण्यानं भरली.

माझ्या आईनं ती कळशी पुन्हा माळ्यावर ठेवली नाही.